बेत

टोनयेने यादी केली माझ्या मापांच्या वहीत, मागच्या पानावर.
छाती चाळीस, कंबर चौतीस, बाही कोपरापर्यंत,
आणि त्याखाली त्याच्या तिरक्या अक्षरात:
प्रोसेसर, सहा कोअरचा. रॅम सोळा.
ग्राफिक्स कार्डापुढे आकडा लिहून खोडलाय,
पुन्हा लिहिलाय, बारीक,
मला दिसू नये इतका बारीक.

पैसे साडेचार लाख नायरा.
एका लग्नातल्या बावीस बायकांचे एकाच कापडाचे झगे,
त्यातल्या एकवीस जणींची शिलाई.
बाविसावी अजून म्हणते, गळा खोल झाला.

इकेजाच्या बाजारात पिवळ्या बसमधून उतरलो
तर चार पोरं चार बाजूंनी:
मॅडम, लॅपटॉप? मॅडम, फोन? मॅडम, विकायचंय काही?
मी पर्स काखेत दाबली, टोनयेने वही.

चिडुबेमचं दुकान जिन्याखाली.
डोळ्याला भिंग लावलेला माणूस, आवाज मात्र मऊ.
त्याने आधी काचेचं कॅबिनेट दाखवलं,
आत जांभळे, निळे, हिरवे पंखे फिरत होते
आणि माझ्या मुलाचा चेहरा
जांभळा, निळा, हिरवा.
सोळा वर्षांचा आहे. मी त्याला बघू दिलं.

मग आम्ही तिघे बेतायला बसलो.
कापड कमी असलं की मी काय करते?
आधी पाठ कापते, मग पुढा, मग बाह्या,
झालर उरल्यासुरल्याची.
"इथं पाठ कुठली?" मी विचारलं.
चिडुबेमने भिंग वर केलं. असं कुणी विचारत नसावं.
टोनये म्हणाला, "आई, प्लीज."

पण चिडुबेमने दोन पॉवर सप्लाय माझ्या हातात दिले,
एक डाव्या, एक उजव्या.
डावा रिकाम्या डब्यासारखा.
उजव्याचं वजन इस्त्रीएवढं, किंमत दुप्पट.

मला आठवली ती रात्र,
वीज आली म्हणून सगळी गल्ली ओरडली होती,
आणि ती अशी आली
की माझ्या शिलाई मशीनच्या मोटारीतून धूर निघाला.
अडीच महिने मी हाताने चाक फिरवलं.
टोनये तेव्हा सातवीत होता. तो कधी कधी फिरवायचा.

"हा," मी म्हटलं. उजवा.

मग काचेचं कॅबिनेट गेलं.
यादीतलं कार्ड गेलं,
त्याच्या जागी आलं जुनं, कुठल्याशा बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं,
महिन्याची गॅरंटी, तीही तोंडी.
प्रोसेसर राहिला. रॅम निम्मी, दुसरी निम्मी नाताळनंतर.
टोनये प्रत्येक ओळीवर काट मारत होता
आणि पेन कागदात रुतत होतं,
पलीकडच्या पानावर कुणा मिसेस बाडमूसच्या कमरेवर
अजून त्या रेघा उमटलेल्या आहेत.

घासाघीस मी केली. त्यात मला कुणी शिकवू नये.
शेवटी चिडुबेम हसला: "टोनयेची आई, तुम्ही मला विकत घेतलंत."
वर चार स्क्रू आणि पेस्टची अर्धी नळी फुकट.

परत येताना तो बोलला नाही.
खोकं मांडीवर, दोन्ही हात खोक्याभोवती.
पुलावर गाडी अडकली, खाली खाडीचं पाणी,
शेंगदाणे विकणारी मुलगी खिडकीपाशी आली नि गेली.
मग एकदम म्हणाला,
"ते चाक फार जड होतं."

रात्री टेबलावर माझी कात्री बाजूला सारून
त्याने सगळं उलगडलं.
कार्डाच्या पंख्यात धूळ, नमद्यासारखी दाट.
मी बॉबिनचा ब्रश आणला
आणि हलकेच, दात्यांतून लिंट काढते तशी,
पातं पातं साफ केलं.
आत एक लाल दोरा निघाला.
आमच्या घरातला नव्हे. मी लाल कापड शिवलंच नाही यंदा.

"थांब," टोनये म्हणाला, "फेकू नकोस,"
आणि का ते त्यालाही सांगता येईना.